नळाची वर्दी देणारे घर आणि पर्लची मॉड्यूल्स

इचलकरंजीत नळाला पाणी रोज येत नाही. कृष्णेवरची मजरेवाडीची योजना आणि पंचगंगा या दोन आधारांवर शहराची तहान भागते. मुख्य जलवाहिनीला गळती लागली की ठरलेला दिवस पुढे सरकतो, आणि पाणी आले तरी ते पहाटे येईल की रात्री याचा भरवसा नसतो. घरातले एक माणूस त्या रात्री अर्धवट झोपते. नळ सुरू झाला की हौद भरायचा, मोटर लावून वरची टाकी भरायची आणि टाकी भरून वाहण्याआधी मोटर बंद करायची. घर-स्वयंचलन म्हटले की जाहिरातीत रंग बदलणारे दिवे दिसतात. आपल्या गावात त्याची खरी गरज या हौदापाशी आहे असे मला वाटते.

त्यासाठी लागणारे सामान फार नाही. हौदावर आणि टाकीवर पातळी मोजणारा एकेक अल्ट्रासॉनिक सेन्सर, मोटरच्या स्टार्टरपाशी एक रिले, या सगळ्यांना वायफायवर आणणाऱ्या ईएसपी८२६६ जातीच्या चिपा आणि घरात कोपऱ्यात चोवीस तास चालणारा रास्पबेरी पायसारखा छोटा संगणक. हौदातली पातळी वाढू लागली म्हणजे नळ आला. तेवढे कळले की फोनवर निरोप पाठवता येतो. हा विचार करणारे, नोंदी ठेवणारे आणि निरोप धाडणारे सॉफ्टवेअर त्या छोट्या संगणकावर चालते. एफएचईएम हे त्यातले एक जुने, मुक्त स्रोताचे आणि फुकट मिळणारे सॉफ्टवेअर. जर्मनीतल्या रुडॉल्फ क्योनिग यांनी ते सुरू केले. त्याच्या मुख्य फाइलीतली प्रताधिकाराची नोंद २००५ पासूनची आहे आणि ते आजही सुधारले जाते. ते जवळजवळ सगळेच पर्ल या भाषेत लिहिलेले आहे.

पर्ल लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. आज नवे विद्यार्थी ती सहसा शिकत नाहीत. पण कमी स्मृतीच्या यंत्रावर वर्षानुवर्षे न कुरकुरता चालणे हा तिचा गुण आहे, आणि हौदाच्या कामाला तोच लागतो. अडचण येते ती वेगळ्या ठिकाणी. एफएचईएम बसवले, पहिले पान उघडले, सगळे ठीक दिसले. मग एखादे उपकरण जोडायला गेलो की लॉगमध्ये इंग्रजी ओळींचा लोट येतो: अमुक फाइल सापडत नाही. बरेच जण इथेच हात टेकतात. ही फाइल म्हणजे काय, ती कोणी आणायची, कुठून आणायची आणि आणल्यावर पुढची पाच-दहा वर्षे कशी सांभाळायची, हे सावकाश पाहू.

यंत्रमागाच्या गावात ही रचना समजायला सोपी आहे. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला. पण पुढे जो धंदा वाढला तो सगळी कामे एका छताखाली करणाऱ्या गिरणीसारखा वाढला नाही. सूत व्यापाऱ्याचे, बीम सायझिंगमधून, वहिफणी करणारा कामगार वेगळा, कांड्या भरणारा वेगळा, माग मजुरीवर विणून देणाऱ्या खर्चीवाल्याचा आणि कापड पुढे प्रोसेसला. माग कितीही उत्तम असला तरी बीम आला नाही तर तो उभा राहतो. पर्लचा प्रोग्रॅमही असाच दुसऱ्यांनी केलेल्या कामावर उभा असतो. सिरियल पोर्टशी बोलणे, सुरक्षित जोडणीने इंटरनेटवर जाणे, जेसन मजकूर वाचणे, डेटाबेसमध्ये नोंद करणे, ही कामे कोणीतरी आधीच करून ठेवली आहेत. त्या प्रत्येक तयार कामाला मॉड्यूल म्हणतात. त्यांचा साठा सीपॅन नावाच्या जाळ्यात आहे. तो १९९५ पासून चालू आहे आणि आज तिथे दोन लाखांहून अधिक मॉड्यूल्स आहेत.

इथे एक घोटाळा आधीच मिटवायला हवा. एफएचईएममध्ये मॉड्यूल हा शब्द दोन अर्थांनी येतो. एक, त्याची स्वतःची, उपकरणागणिक असलेली मॉड्यूल्स. ती त्याच्याच फोल्डरात असतात, त्यांच्या नावापुढे दोन अंक असतात आणि ती एफएचईएमच्या स्वतःच्या अपडेट आज्ञेने येतात. दुसरी, सीपॅनवरची सर्वसाधारण पर्ल मॉड्यूल्स. त्यांचा घराशी काही संबंध नसतो, ती जगभरातले कोणतेही पर्ल प्रोग्रॅम वापरतात. पहिल्या प्रकाराला मी उपकरण-मॉड्यूल म्हणेन, दुसऱ्याला पर्ल मॉड्यूल. जवळजवळ सगळा त्रास या दोघांमधल्या सांध्यावर होतो, कारण पहिली एका दाराने येतात आणि दुसरी दुसऱ्या. एफएचईएमच्या अपडेटने एखादे उपकरण-मॉड्यूल नवे झाले आणि त्याच्या लेखकाने त्यात एक नवे पर्ल मॉड्यूल वापरले, तर ऑपरेटिंग सिस्टीमला त्याचा पत्ताच नसतो. काल चालणारे उपकरण आज बंद पडते.

आता पर्ल एखादे मॉड्यूल शोधते कसे ते पाहू. नावात दुहेरी विसर्गचिन्हे असतात, जसे डिव्हाइस::सीरियलपोर्ट. पर्ल त्या चिन्हांच्या जागी तिरकी रेघ घालते, शेवटी पीएम हा प्रत्यय लावते आणि त्यातून फाइलीचा मार्ग बनतो: डिव्हाइस नावाचे फोल्डर, त्यात सीरियलपोर्ट डॉट पीएम. हा मार्ग ती एका यादीतल्या प्रत्येक फोल्डरात क्रमाने जोडून पाहते. त्या यादीचे नाव आयएनसी, पुढे अ‍ॅटचे चिन्ह. पहिली फाइल जिथे सापडेल तिथे शोध थांबतो, पुढच्या फोल्डरात अधिक नवी प्रत पडून असली तरी. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात, आणि डेबियनवरच आधारलेल्या रास्पबेरी पायच्या सिस्टीममध्ये, या यादीत स्थानिक फोल्डर, म्हणजे यूएसआर-लोकल, सिस्टीमच्या पॅकेजांच्या फोल्डरांच्या आधी येते. हा क्रम लक्षात ठेवा. हाताने बसवलेली प्रत पॅकेजने आलेल्या प्रतीला झाकते आणि मागाहून पॅकेज कितीही अद्ययावत झाले तरी ती झाकलेलीच राहते.

या यादीत पूर्वी चालू फोल्डरही असे. २०१७ मध्ये आलेल्या पर्ल ५.२६ पासून ते सुरक्षेसाठी काढले. तुम्ही ज्या फोल्डरात उभे आहात तिथे कोणी भलतीच फाइल ठेवली तर ती नकळत चालू नये हा हेतू. त्यामुळे आपल्या शेजारची फाइल आपोआप सापडेल असे गृहीत धरलेले जुने कोड त्या वेळी अडखळले. जुन्या लेखातला एखादा नमुना आज चालत नसेल तर हे कारण आधी तपासावे.

मॉड्यूल मागवण्याचे दोन शब्द आहेत, आणि त्यांतला फरक घरासाठी महत्त्वाचा आहे. यूज लिहिले तर पर्ल फाइल वाचत असतानाच, ती ओळ दिसताक्षणी मॉड्यूल मागते. ते नसेल तर पूर्ण फाइलच बाद होते, तिच्यातली एकही ओळ चालत नाही. रिक्वायर लिहिले तर प्रोग्रॅम चालता चालता त्या ओळीपाशी पोचेल तेव्हाच मागणी होते. आणि रिक्वायरला इव्हॅलच्या कंसात ठेवले तर मॉड्यूल नसल्याचे कळते, पण प्रोग्रॅम पडत नाही; मग दुसरा मार्ग धरता येतो. एफएचईएमच्या चांगल्या उपकरण-मॉड्यूल्समध्ये हे तंत्र दिसते. जेसन वाचण्यासाठी सीपॅनवर अनेक मॉड्यूल्स आहेत. त्यांतली काही सी भाषेत लिहिलेली, वेगवान. एक जेसन::पीपी, शुद्ध पर्लमधले, संथ, पण २०११ च्या पर्ल ५.१४ पासून पर्लबरोबरच येणारे. लेखकाने आधी वेगवान मागून पाहायचे, नाही मिळाले तर शेवटी पीपी घ्यायचे. घरातल्या सेन्सरचा दोन ओळींचा मजकूर वाचायला पीपी पुरेसे आहे. तरीही कित्येक लेखक थेट वेगवान मॉड्यूलचे नाव लिहून मोकळे होतात आणि कारण नसताना वापरणाऱ्याला एक बसवणी वाढते.

एफएचईएमची स्वतःची रचना इथे मदतीला येते. ते सुरू होताना शेकडो उपकरण-मॉड्यूल्स वाचत बसत नाही. तुम्ही डिफाइन आज्ञेने एखाद्या जातीचे उपकरण जोडले तेव्हाच त्या जातीची फाइल उघडते. म्हणून नव्या बसवणीत सगळे ठीक वाटते आणि उणीव नंतर कळते. पण एक फाइल बाद झाली तरी बाकी घर चालू राहते. लॉगमध्ये ते उपकरण-मॉड्यूल निष्क्रिय केल्याची नोंद येते आणि त्याला लागून पर्लची तक्रार.

ती तक्रार घाबरून पुढे ढकलू नका, तिच्यात सगळे उत्तर असते. सुरुवातीला न सापडलेल्या फाइलीचा मार्ग. मग कंसात, कदाचित हे मॉड्यूल बसवावे लागेल, असे मॉड्यूलचे नाव. मग पर्लने धुंडाळलेल्या सर्व फोल्डरांची यादी. शेवटी कोणत्या फाइलीच्या कितव्या ओळीने मागणी केली ते. हा शेवटचा भाग लोक वाचत नाहीत. मागणी करणारी फाइल एफएचईएमच्या फोल्डरातली असेल तर उणीव थेट आहे. ती एखाद्या दुसऱ्या पर्ल मॉड्यूलची असेल तर साखळीतली आतली कडी तुटली आहे, आणि बहुधा ते दुसरे मॉड्यूल कोणीतरी फाइल उचलून आणून, त्याच्या सोबतचे सामान न आणता ठेवले आहे.

साखळी किती खोल जाते याचे नमुन्यादाखल उदाहरण, नळाच्या निरोपाचेच. टेलिग्रामवर निरोप पाठवायला एफएचईएममध्ये टेलिग्रामबॉट नावाचे उपकरण-मॉड्यूल आहे. ते इंटरनेटवर जाण्यासाठी एफएचईएमच्या स्वतःच्या एचटीटीपी-युटिल्स या फाइलीचा आधार घेते. टेलिग्रामशी बोलणे सुरक्षित जोडणीनेच होते, म्हणून तिला आयओ::सॉकेट::एसएसएल हे पर्ल मॉड्यूल लागते. त्याला नेट::एसएसएलईएवाय लागते. ते पर्ल आणि सी यांच्या सीमेवरचे, आणि त्याला सिस्टीममधली ओपनएसएसएल ही सी भाषेतली लायब्ररी लागते. "नळ आला" हे दोन शब्द फोनवर यायला इतकी मंडळी जागेवर असावी लागतात.

बसवण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली डेबियनच्या पॅकेजांची. नाव बनवण्याची रीत ठरलेली आहे: मॉड्यूलचे नाव लहान लिपीत, दुहेरी विसर्गचिन्हांच्या जागी आडवी रेघ, पुढे लिब आणि शेवटी पर्ल. डिव्हाइस::सीरियलपोर्टचे पॅकेज लिबडिव्हाइस-सीरियलपोर्ट-पर्ल. नाव या रीतीत बसत नसेल तर एपीटी-फाइल या साधनाला फाइलीचा मार्ग द्यावा, ते पॅकेज सांगते. एपीटी या डेबियनच्या पॅकेज-साधनाने बसवले की साखळीतले सगळे, ओपनएसएसएलपर्यंत, आपोआप येते, आधीच तयार केलेले येते आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या पुढेही येत राहतात. मॉड्यूल थोडे जुने असते. हौदाला ते जुनेपण बाधत नाही.

दुसरी वाट सीपॅनची. डेबियनमध्ये पॅकेजच नसेल तर ती लागते. जुने सीपॅन साधन पर्लबरोबर येते, पण ते बरेच प्रश्न विचारते. तात्सुहिको मियागावा यांचे सीपॅन-मायनस न विचारता काम करते, म्हणून लोकप्रिय आहे. ते मॉड्यूल उतरवते, लागणारी इतर मॉड्यूल्स आणते, गरज असेल तर सी कोड तयार करते, चाचण्या चालवते आणि मगच बसवते. छोट्या संगणकावर या चाचण्यांना वेळ लागतो आणि त्या टाळण्याचा पर्याय आहे. तो घेऊ नये. एआरएम जातीच्या प्रोसेसरवर मॉड्यूल नीट चालते का, याचे उत्तर तुमच्या घरात त्याच चाचण्या देतात.

सी कोड तयार करायचा असेल तर कंपायलर, मेक आणि संबंधित लायब्ररीचे विकासासाठीचे पॅकेज आधी हवे. नेट::एसएसएलईएवाय सीपॅनवरून घ्यायचे तर ओपनएसएसएलचे विकास-पॅकेज नसल्यास बसवणी मध्येच थांबते, आणि पडद्यावरचा दोष पर्लचा वाटतो. तो सीचा असतो. तक्रारीत हेडर, लिंकर, मेक असे शब्द दिसले की पर्लमध्ये शोधणे सोडून गहाळ लायब्ररी शोधावी.

तिसरी वाट म्हणजे मॉड्यूल्स प्रोग्रॅमबरोबरच वाटणे. एफएचईएमहून जुने मिस्टरहाउस हे ब्रूस विंटर यांनी सुरू केलेले पर्लमधलेच घर-स्वयंचलन सॉफ्टवेअर. त्याच्या फोल्डरात लिब, त्यात साइट नावाचा कप्पा आहे आणि तिथे सीपॅनवरची मॉड्यूल्स सोबतच दिलेली असतात. १९९० च्या दशकात, इंटरनेट संथ असताना आणि विंडोजवर मॉड्यूल बसवणे जिकिरीचे असताना, हा मोठा आधार होता. उतरवा आणि चालवा. पण सोबत दिलेली प्रत जिथल्या तिथे थांबते. मूळ मॉड्यूल पुढे जाते, त्यातले दोष दुरुस्त होतात, आणि तुमच्या कप्प्यातली प्रत यादीत आधी असेल तर सिस्टीममधली नवी प्रत तिच्यामागे झाकली जाते. शिवाय सी कोड असलेली मॉड्यूल्स अशी सर्व यंत्रांसाठी एकाच रूपात देता येत नाहीत. शुद्ध पर्लचे एखादे छोटे, क्वचितच बदलणारे मॉड्यूल सोबत द्यावे. इंटरनेटशी किंवा कूटलेखनाशी संबंध असलेले मात्र कधीही देऊ नये.

एफएचईएमच्या लेखकांनी आणखी एक मार्ग काही ठिकाणी धरला, आणि तो मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो: अवलंबनच काढून टाकणे. सेन्सरांचे निरोप ज्या एमक्यूटीटी पद्धतीने येतात तिच्यासाठी आधीच्या उपकरण-मॉड्यूलला सीपॅनवरची नेट::एमक्यूटीटीची मॉड्यूल्स लागत. पुढे क्योनिग यांनी एमक्यूटीटी२ नावाने सर्व्हर आणि क्लायंट नव्याने लिहिले. त्यांना बाहेरचे एकही पर्ल मॉड्यूल लागत नाही, आणि निरोपांची देवाणघेवाण करणारा वेगळा ब्रोकरही बसवावा लागत नाही. आज हौदाचा सेन्सर जोडायचा असेल तर सरळ हेच घ्यावे. सिरियल पोर्टबाबतही अशी सोय आहे. उपकरणाच्या पत्त्यानंतर अ‍ॅट आणि डायरेक्टआयओ असे लिहिले तर डिव्हाइस::सीरियलपोर्टशिवाय साध्या फाइलीसारखे ते पोर्ट उघडते. वीजमीटर जोडताना वेग बदलावा लागतो, तिथे हे पुरत नाही. इतरत्र पुरू शकते.

कोणती प्रत प्रत्यक्ष वापरात आहे हे ओळखायला अंदाज लागत नाही. पर्ल जे मॉड्यूल उघडते त्याचा पूर्ण मार्ग आयएनसी नावाच्याच, पण टक्क्याचे चिन्ह असलेल्या कोशात लिहून ठेवते. एफएचईएमच्या आज्ञेच्या चौकटीत महिरपी कंसात पर्लची ओळ चालते, म्हणून चालू असलेल्या एफएचईएमलाच विचारता येते की जेसनची फाइल तू कुठून घेतलीस. मार्ग मिळाला की डीपीकेजी या साधनाला तो देऊन विचारावे: ही फाइल कोणत्या पॅकेजची? पॅकेजचे नाव आले तर एपीटीने आलेली. कोणाचीच नाही असे उत्तर आले तर कोणीतरी हाताने बसवलेली.

चाचणी घेतानाही एक काळजी हवी. मॉड्यूल आहे का हे पाहायला पर्लला मोठा एम जोडून मॉड्यूलचे नाव द्यायचे आणि रिकामी आज्ञा चालवायची. काही न छापता ती संपली म्हणजे मॉड्यूल आहे. पण ही आज्ञा आपल्या नावाने चालवून उपयोग नाही. एफएचईएम सेवेच्या रूपात चालते आणि तिचा वापरकर्ता वेगळा असतो, त्याचेही नाव एफएचईएमच. मॉड्यूल तुमच्या घरफोल्डरात लोकल::लिबच्या पद्धतीने बसले असेल तर तुम्हाला ते दिसेल, सेवेला दिसणार नाही. सुडूने त्या वापरकर्त्याच्या नावाने चाचणी घ्या.

आवृत्तीच्या आकड्यांचाही एक सापळा आहे. पर्लमध्ये साधा आकडा हा दशांश अपूर्णांक म्हणून वाचला जातो. त्यामुळे १.१० ही आवृत्ती १.९ पेक्षा लहान ठरते. तीन भागांत लिहिलेली, व्ही लावलेली आवृत्ती मात्र आपण समजतो तशीच, भागागणिक मोजली जाते. कमीत कमी अमुक आवृत्ती हवी, असे लिहिताना मॉड्यूलचा लेखक कोणती पद्धत वापरतो ते आधी पाहावे.

खरी कसोटी ऑपरेटिंग सिस्टीम बदलताना लागते. डेबियन ११ मध्ये पर्ल ५.३२ होती, २०२३ च्या डेबियन १२ मध्ये ५.३६, २०२५ च्या १३ मध्ये ५.४०. एपीटीने आलेली मॉड्यूल्स सिस्टीमबरोबर बदलतात, त्यांच्याकडे पाहावे लागत नाही. सीपॅनवरून यूएसआर-लोकलमध्ये बसवलेली मॉड्यूल्स पर्लच्या आवृत्तीचे नाव असलेल्या फोल्डरात असतात. नव्या पर्लच्या यादीत ते फोल्डर नसतेच, म्हणून ती एका रात्रीत नाहीशी झाल्यासारखी होतात. हे त्यातल्या त्यात बरे, कारण तक्रार स्पष्ट असते. घरफोल्डरातल्या लोकल::लिबच्या मार्गात आवृत्ती नसते. तिथले सी कोडचे मॉड्यूल नवी पर्ल उघडायला जाते आणि जुळणी होत नाही, हँडशेकची किल्ली वेगळी आहे, अशी गूढ तक्रार देऊन थांबते. उपाय एकच, ते मॉड्यूल नव्या पर्लखाली पुन्हा तयार करणे. जुनी फाइल नव्या फोल्डरात हलवून भागत नाही.

पर्लबरोबर येणारा मूळ संचही कायमचा नसतो. सीजीआय हे एके काळी सर्वत्र वापरले जाणारे मॉड्यूल २०१५ च्या ५.२२ मध्ये संचातून बाहेर काढले. आज ते हवे असेल तर वेगळे बसवावे लागते. कोरलिस्ट ही आज्ञा कोणते मॉड्यूल संचात कधी आले आणि कधी गेले ते सांगते.

आता स्वतःच्या कोडकडे येऊ, कारण हौदाचे नियम आपणच लिहिणार. एफएचईएम सुरू होताना ९९ अंकाने सुरू होणाऱ्या सगळ्या फाइली वाचते. आपले कोड ठेवायला माययुटिल्स नावाचा साचा दिलेला आहे, आणि लोक सगळे काही त्या एकाच फाइलीत टाकतात: मोटर बंद करण्याचे फंक्शन, टेलिग्रामचे निरोप, विजेच्या वापराचा आलेख, वाढदिवसांची आठवण. त्या फाइलीच्या माथ्यावर आलेखासाठी एखादे पर्ल मॉड्यूल यूजने मागितले आणि अपग्रेडनंतर ते नसले, तर पूर्ण फाइल बाद. आलेख गेला ते चालेल, पण मोटर बंद करणारे फंक्शनही त्याच्याबरोबर गेले. म्हणून पाण्याचे नियम वेगळ्या ९९ च्या फाइलीत ठेवावेत, आणि त्या फाइलीत पर्लच्या मूळ संचाबाहेरचे एकही मॉड्यूल मागू नये. शोभेची कामे दुसऱ्या फाइलीत, तिथली मॉड्यूल्स रिक्वायर आणि इव्हॅलने.

एक सांगायला हवे की मोटर थांबवण्याची शेवटची जबाबदारी पर्लवर टाकूच नये. वरच्या टाकीत साधा फ्लोट स्विच हवा, जो संगणक बंद असला, वायफाय गेले, वीज येऊन-जाऊन रास्पबेरी पाय अडकला, तरी मोटरचा प्रवाह तोडेल. रिलेवर टास्मोटा हे फर्मवेअर असेल तर त्यात पल्सटाइम नावाची वेळमर्यादाही लावता येते. ठरलेल्या वेळेनंतर रिले स्वतःच बंद होतो. सॉफ्टवेअरने सोय करावी, सुरक्षा तारेने.

जाता जाता मराठीबद्दल. एफएचईएममध्ये उपकरणाचे नाव रोमन अक्षरे, अंक, टिंब आणि अधोरेषा यांतच द्यावे लागते. पण एलियस या गुणधर्मात देवनागरी चालते, म्हणून पडद्यावर "हौद", "वरची टाकी", "मोटर" असे दिसू शकते. स्वतःच्या ९९ च्या फाइलीत मराठी निरोप लिहिणार असाल तर एन्कोडिंगची मांडणी सुरुवातीलाच तपासा, नाहीतर फोनवर अक्षरांऐवजी चिन्हांचा कचरा येतो. घरातल्या मोठ्या माणसांना वापरता येणे हा या खटाटोपाचा अर्धा हेतू आहे.

आणि शेवटी, बसवलेल्या सामानाची यादी. इचलकरंजीत १९८२ पासून डीकेटीईची वस्त्र आणि अभियांत्रिकी संस्था आहे. घरात असा संगणक बसवणारा बहुधा तिथे किंवा तसल्याच एखाद्या महाविद्यालयात शिकणारा मुलगा किंवा मुलगी असते. चार वर्षांनी ती व्यक्ती पुण्याला किंवा बंगळुरूला जाते. मागे उरलेल्या यंत्रात काय-काय कोणत्या वाटेने बसवले आहे हे कोणाला माहीत नसेल, तर पहिल्या बिघाडाला ते कायमचे बंद होते आणि घरातले माणूस पुन्हा रात्री जागू लागते. पर्लच्या जगात यासाठी सीपॅनफाइल नावाची साधी मजकूर-फाइल असते. तिच्यात एकेका ओळीत मागणी: अमुक मॉड्यूल, कमीत कमी अमुक आवृत्ती. सीपॅन-मायनसला ती फाइल दाखवली की ते सगळे एकदम बसवते. मियागावा यांचेच कार्टन हे साधन त्याही पुढे जाऊन नेमक्या आवृत्त्या गोठवून ठेवते. पण घरासाठी इतक्या यंत्रणेची गरज नाही. एपीटी-मार्कने हाताने बसवलेल्या पॅकेजांची यादी काढावी, यूएसआर-लोकलमधली सीपॅनची मॉड्यूल्स पाहून ती खाली लिहावीत आणि प्रत्येकापुढे ते कोणत्या उपकरणासाठी आहे ते मराठीत एका ओळीत लिहावे. ज्याच्यापुढे काहीच लिहिता येत नाही ते काढून टाकायला हरकत नाही.

ही यादी, एफएचईएमची कॉन्फिग फाइल आणि ९९ च्या फाइली यांची प्रत मेमरी कार्डाबाहेर ठेवा, कारण ही कार्डे सततच्या लिहिण्याने खराब होतात. एफएचईएमची अपडेट आज्ञा जुन्या फाइली थोडे दिवस जपते आणि रिस्टोअरने त्या परत आणता येतात. मात्र पर्ल मॉड्यूल्सना ती हात लावत नाही. म्हणून अपडेट आणि सिस्टीम अपग्रेड एकाच दिवशी करू नका. आधी एक करा, काही दिवस लॉग पाहा, मग दुसरे. पाणी येण्याचा दिवस या दोन्हींसाठी टाळा.

ज्यांच्या घरी असे यंत्र आज चालू आहे त्यांनी पुढच्या अपग्रेडची वाट न पाहता या रविवारी ती यादी लिहून काढावी आणि घरातल्या आणखी एका माणसाला ती कुठे आहे ते सांगावे. ज्यांना आता सुरुवात करायची आहे त्यांनी आधी फ्लोट स्विच बसवावा, मग एमक्यूटीटी२ आणि एकच सेन्सर. पॅकेज नसलेले पहिले पर्ल मॉड्यूल समोर येईल तेव्हा ते काम त्याच्याशिवाय होते का, हे आधी पाहावे.